परदेशी निघण्याआधी खेळण्यांचा संग्रह विकताना: कुठल्या मार्गाला किती लांब शेपूट

देश सोडायचं ठरलं आणि खेळण्यांचा संग्रह विकायला काढला, की पहिला प्रश्न असतो जास्त पैसे कुठे मिळतील हा. घरीच राहणाऱ्याला तेवढा प्रश्न पुरतो. विमानाचं तिकीट काढलेल्याला आणखी एक विचारावा लागतो: विक्री झाल्यावर माझ्यामागे काय काय उरतं? महिन्याभरात कुणी वस्तू परत पाठवतं, तीन महिन्यांनी कुणी कार्डाच्या बँकेकडे तक्रार करतं, आणि तोवर जुना पत्ता, जुना फोन नंबर, जुनं बँक खातं यांतलं काहीच जागेवर नसतं. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, त्यातली गत. म्हणून इथे प्रत्येक मार्ग तीन गोष्टींवर तोलला आहे: हातात किती पडतं, खटाटोप किती, आणि शेपूट किती लांब.

आधी ढीग, मग मोल

सुटी वस्तू विकायला लागणाऱ्या वेळेचा अंदाज जवळजवळ सगळ्यांचा चुकतो. पुसणं, सात-आठ फोटो, मापं, वर्णन, खरेदीदारांच्या शंका, पॅकिंग, पार्सल देऊन येणं, हे सगळं धरलं तर एका नगामागे पाऊण तास जातो. तीनशे नग म्हणजे सव्वादोनशे तास. व्हिसा, नोकरी आणि घरसामान आवरत असताना एवढे तास कुणाकडे नसतात. म्हणून तीन ढीग करा. पहिल्यात सुट्या विकण्याजोग्या मोजक्या वस्तू. दुसऱ्यात एकाच मालिकेच्या किंवा एकाच कंपनीच्या पाच ते पंधरा नगांचे लॉट. तिसऱ्यात वजनावर किंवा खोक्यावर जाणारा बाकीचा माल. लॉट उठावा म्हणून त्यात एक चांगला नग आमिषाला घालायचा मोह होतो. तसं केलं की बहुधा एखादा व्यापारी लॉट उचलतो, तो नग ठेवून घेतो आणि उरलेले नग पुन्हा बाजारात सोडतो. नफा त्याचा होतो.

यादी एकदाच करा, पण पक्की करा: अनुक्रमांक, कंपनी, मालिका, खोक्यावरचा किंवा तळाचा क्रमांक, स्थिती, काय गहाळ आहे, वजन, खोक्याची तिन्ही मापं, फोटोंचे क्रमांक. हीच यादी पुढे व्यापाऱ्याला दाखवायला, लिलावगृहाच्या पावतीशी ताडून पाहायला आणि तक्रार आली तर पुरावा म्हणून उपयोगी पडते.

मोल ठरवताना लोक मागितलेली किंमत बघतात आणि फसतात. टाय कंपनीने १९९३ साली आणलेल्या बीनी बेबीज या कापडी प्राण्यांचं उदाहरण घ्या. त्यांना डोळे फिरवणाऱ्या किमती लावलेल्या जाहिराती आजही सापडतात आणि तशाच पडून राहतात. प्रत्यक्षात त्यांतले बहुतेक प्राणी किरकोळ किमतीला जातात. ईबे या लिलाव-संकेतस्थळावर शोध घेताना फक्त विकलेल्या वस्तू दाखवणारी चाळणी लावा. ती साधारण गेल्या ९० दिवसांचे व्यवहार दाखवते. त्यातही एक मेख आहे. जिथे खरेदीदाराने कमी किंमत सुचवली आणि विक्रेत्याने ती मान्य केली, तिथे जुनी किंमत काट मारून दिसते, खरा आकडा दिसत नाही. असे व्यवहार सरासरीत धरले की अपेक्षा फुगते. लेगोसाठी ब्रिकलिंक या ऑनलाइन बाजारपेठेचा भावदर्शक यापेक्षा स्वच्छ आहे. तो गेल्या सहा महिन्यांत झालेल्या विक्रीचे किमान, सरासरी आणि कमाल भाव नव्या-वापरलेल्या मालासाठी वेगवेगळे देतो.

साल वाचताना होणारी गफलत

विक्रीनंतरच्या निम्म्या भांडणांचं मूळ चुकीच्या ओळखीत असतं, म्हणून इथे थोडं थांबायला हवं. हॉट व्हील्सच्या छोट्या धातूच्या गाड्यांच्या तळाला कोरलेलं साल हे त्या साच्याच्या स्वामित्वहक्काचं असतं, ती गाडी बनल्याचं नव्हे. एकच साचा कंपनी वर्षानुवर्षं वापरते. त्यामुळे तळाला १९६९ दिसलं म्हणून गाडी त्या सालची ठरत नाही. मूळ रेडलाइन गाड्या १९६८ ते १९७७ या काळातल्या, टायरच्या कडेला लाल रेघ असलेल्या. पण पुढच्या काळातल्या स्मरण-आवृत्त्यांनाही लाल रेघ आहे, म्हणजे नुसत्या रेघेवरही भागत नाही. तळाचा मजकूर, बनवलेला देश आणि चाकांची घडण एकत्र पाहावी लागते. सुपर ट्रेझर हंट, म्हणजे हॉट व्हील्सची मोजकीच निघणारी खास आवृत्ती, म्हणून विकायच्या गाडीला स्पेक्ट्राफ्लेम हा झळाळता रंग आणि रबरी टायर दोन्ही हवेत. साध्या गाडीला रबरी चाकं बसवून ती खपवणारे असतात. तळाचा रिव्हेट ड्रिलने पोखरलेला दिसला तर गाडी उघडली गेली आहे, हे नक्की.

बार्बीच्या पाठीवरचं १९६६ हे साल असंच फसवं. बार्बी बाजारात आली १९५९ मध्ये. १९६६ हे एका ठरावीक धडाच्या रचनेचं साल, आणि ती खूण असलेल्या बाहुल्या त्यानंतर कित्येक वर्षं निघत राहिल्या. 'साठच्या दशकातली' असं लिहून अशी बाहुली विकली, तर 'वर्णनाप्रमाणे नाही' ही तक्रार हमखास येणार आणि ती तुमच्या विरोधात निकाली निघणार. मॅचबॉक्स गाड्यांचं वाचन त्या मानाने सोपं: तळाला लेस्नीचं नाव आणि इंग्लंडचा उल्लेख असेल तर गाडी १९८२ मध्ये लेस्नी कंपनी बुडाली त्याच्या आसपासची किंवा आधीची. अर्थात त्या गाड्याही लाखांनी निघाल्या, तेव्हा जुनी म्हणजे दुर्मीळ असं समजू नका.

केनर कंपनीच्या १९७८ पासूनच्या स्टार वॉर्स बाहुल्यांत बाहुलीपेक्षा तिच्या हातातलं शस्त्र जास्त तपासावं लागतं, कारण नकली शस्त्रं सर्रास मिळतात. पाण्यात तरंगलं तर अस्सल, ही चाचणी प्रसिद्ध आहे, पण तिच्या एकटीच्या भरवशावर 'मूळ' हा शब्द लिहू नका. कडांची धार, साच्याच्या खुणा आणि प्लास्टिकचा पोत खात्रीच्या नमुन्याशी ताडून पाहा. खात्री नसेल तर शस्त्राशिवाय विका आणि तसं लिहा. थोडे पैसे कमी येतील, पण वस्तू परत येणार नाही.

वरून न दिसणारे दोष

धातूचे डूल असलेल्या जुन्या बार्बीच्या कानाभोवती हिरवट डाग येतो. डुलातल्या तांब्याचा गंज व्हिनाइलमध्ये मुरलेला असतो. केस बाजूला करून तो फोटोत दाखवा. मऊ प्लास्टिकमधला लवचीकपणा देणारा द्रव वर्षांनुवर्षांनी बाहेर झिरपतो. अंग चिकट लागतं आणि कडक प्लास्टिकला टेकून ठेवलेलं मऊ टायर त्यात वितळल्यासारखं रुततं. चिकटपणा सौम्य साबणाने तात्पुरता जातो, परत येतो. पावडर लावून लपवू नका. उघडल्यावर पहिल्याच दिवशी खरेदीदाराच्या बोटांना ते कळतं.

जुन्या ट्रान्सफॉर्मर्सचे, म्हणजे भाग फिरवून रूप बदलणाऱ्या रोबोंचे, काही नग सोनेरी चमकी मिसळलेल्या प्लास्टिकचे आहेत. हे प्लास्टिक आतून ठिसूळ होत जातं आणि पिनेजवळ तडकतं. संग्राहकांत या दुखण्याला गोल्ड प्लास्टिक सिंड्रोम असं नावच आहे. असा नग 'चालतो का बघू' म्हणून फिरवला की हातात दोन तुकडे येतात. विक्रीआधी तो फिरवू नका, आणि फिरवून पाहिलेला नाही असं स्पष्ट लिहा. युद्धपूर्व काळातल्या डिंकी गाड्यांना दुसराच रोग आहे. त्यांच्या जस्ताच्या मिश्रधातूत शिसं मिसळलं गेलं होतं, त्यामुळे धातू फुगतो, जाळीसारखे तडे जातात आणि शेवटी भुगा होतो. यावर उपाय नाही. अशी गाडी पोस्टाने पाठवणं म्हणजे तक्रार ओढवून घेणं. समोरासमोर, हातात देऊन विकावी.

बॅटरीचा कप्पा प्रत्येक खेळण्याचा उघडा. अल्कलाइन सेल गळला की पांढरी खार जमते. हातमोजे घाला, कापसाच्या काडीने व्हिनेगर लावून ती उतरवा, मग ओल पूर्ण वाळू द्या. सेल काढूनच पाठवा.

सफाईचा नियम: लेगोच्या विटा कोमट पाण्यात, ४० अंश सेल्सिअसच्या वर नाही, सौम्य साबणाने, स्टिकर लावलेले तुकडे वेगळे काढून. छापील डोळे, चिन्हं आणि रंगकाम यांवर स्पिरिट किंवा थिनर अजिबात नाही. पत्र्याच्या खेळण्यावर फक्त कोरडा मऊ ब्रश. नव्याने रंगवलेली जुनी गाडी संग्राहकाच्या लेखी मातीमोल होते, हे ठाऊक नसल्याने विक्रीच्या आदल्या आठवड्यात किती गाड्यांची वाट लागते कोण जाणे.

ईबे आणि तत्सम लिलाव-संकेतस्थळं

१९९५ पासून चालू असलेल्या ईबेची ताकद एकाच गोष्टीत आहे: जगात त्या वस्तूचे दोनच वेडे असतील तर दोघेही इथे भेटतात. शीर्षकाला ८० अक्षरं मिळतात. त्यात 'सुंदर', 'दुर्मीळ' असली विशेषणं घालून जागा वाया घालवू नका. कंपनी, मालिका, क्रमांक, साल, स्थिती, पूर्ण की अपूर्ण, याच क्रमाने लिहा. लिलाव सात किंवा दहा दिवसांचा ठेवता येतो. दहा दिवसांचा गुरुवारी संध्याकाळी सुरू केला तर रविवारी संध्याकाळी संपतो आणि मध्ये दोन शनिवार-रविवार मिळतात.

लिलाव की ठरावीक किंमत? मागणी दाट असेल, महिन्याला बरेच व्यवहार होत असतील, तर लिलाव आपोआप योग्य भावापर्यंत चढतो. मागणी विरळ असेल तर कमी बोलीने सुरू केलेला लिलाव एकाच माणसाच्या पदरात पडतो. अशा वस्तूला ठरावीक किंमत लावा आणि सुचवलेला भाव स्वीकारण्याची सोय चालू ठेवा.

आता खर्च. ब्रिटन आणि जर्मनीत खासगी विक्रेत्याकडून ईबे विक्रीशुल्क घेत नाही. अमेरिकेत खेळण्यांवर ते १३ टक्क्यांच्या वर जातं, आणि तेही पाठवणखर्च धरून एकूण रकमेवर. म्हणजे मोठ्या, हलक्या, पाठवायला महाग वस्तूवर शुल्क जास्त बोचतं. नव्या खात्याला दोन अडथळे आहेत: महिन्याला किती विकता येईल याची मर्यादा, आणि सुरुवातीच्या विक्रीचे पैसे काही काळ, कित्येकदा २१ दिवसांपर्यंत, अडकून राहणं. शेवटच्या महिन्यात खातं उघडणाऱ्याला ही जागा म्हणूनच कामाची नाही. निघायच्या चार महिने आधी खातं उघडून दोन-चार किरकोळ वस्तू विकून टाकाव्यात.

शेपूट मात्र लांब. 'परत घेतली जाणार नाही' असं लिहिलं तरी वर्णनाशी न जुळणारी वस्तू म्हणून पोचल्यापासून ३० दिवसांत तक्रार करता येते. परतीचं पार्सल तुमच्या नोंदलेल्या पत्त्यावर येतं, तिथे ते घ्यायला माणूस हवा. कार्डाने पैसे भरलेले असतील तर बँकेमार्फत रक्कम मागे घेण्याची मुदत याहून मोठी असते. अदलाबदलीची लबाडीही इथलीच: चांगला नग ठेवून घेऊन स्वतःचा मोडका परत पाठवायचा. त्यावर उतारा म्हणजे त्या नगाच्या अंगभूत खुणांचे जवळून काढलेले फोटो, खरचटा, रंगाचा ठिपका, साच्यातला दोष, आणि पॅकिंग करतानाचं सलग चित्रीकरण.

पहिल्या ढिगासाठी उत्तम मार्ग, अट एवढीच की शेवटचं पार्सल प्रस्थानाच्या सहा आठवडे आधी रवाना व्हावं.

ब्रिकलिंक

फक्त लेगोसाठी. २००० साली सुरू झालेली ही बाजारपेठ २०१९ पासून लेगो समूहाच्याच मालकीची आहे. शुल्क साधारण ३ टक्के, म्हणजे अमेरिकेतल्या ईबेच्या तुलनेत नगण्य. पैसे स्वीकारणाऱ्या सेवेचं शुल्क वेगळं. खरेदीदार मात्र चिकित्सक. सेट 'पूर्ण' म्हणून टाकला आणि एक बिजागरी कमी निघाली तर निरोप येतोच. पुस्तिकेच्या शेवटी तुकड्यांची यादी असेल तर ती धरून मोजा, नसेल तर संकेतस्थळावरची यादी उतरवून घ्या. आधी मिनिफिगर म्हणजे लेगोच्या छोट्या बाहुल्या, मग त्यांच्या टोप्या-केस-हत्यारं, मग छापील तुकडे, शेवटी साध्या विटा, या क्रमाने मोजलं तर महागडी उणीव लवकर कळते. लालसर तपकिरी रंगाचे जुने तुकडे दाबताना तडकतात. सेट मोडून बांधताना ते शेवटी ठेवा.

सेट फोडून तुकड्या-तुकड्यांनी विकला तर कागदावर बेरीज मोठी येते. तो मार्ग दुकान थाटून वर्षानुवर्षं बसणाऱ्याचा. निघणाऱ्याने तिकडे पाहू नये. मधला रस्ता म्हणजे मिनिफिगर वेगळ्या विकणं. स्टार वॉर्स मालिकेतल्या २००३ च्या क्लाउड सिटी सेटमधल्या बोबा फेटसारख्या बाहुलीच्या बाबतीत हा हिशेब करून पाहावा, कारण सेटच्या किमतीचा मोठा हिस्सा ती एकटी खेचते. मात्र मागे उरलेला सेट मग कवडीमोलाने जातो. एरवी सेट अखंड ठेवा.

सीलबंद सेट 'अजून चढेल' म्हणून नातेवाइकांच्या माळ्यावर ठेवून जाणाऱ्यांनी मिलेनियम फाल्कन या स्टार वॉर्समधल्या यानाच्या सेटची गोष्ट ध्यानात ठेवावी. २००७ चा १०१७९ क्रमांकाचा मोठा सेट वर्षानुवर्षं चढत राहिला, आणि २०१७ मध्ये लेगोने ७,५४१ तुकड्यांचा नवा ७५१९२ आणल्यावर जुन्याचा भाव खाली आला.

सहा महिने हाताशी असतील तर ब्रिकलिंक झकास. सहा आठवडेच असतील तर शून्य अभिप्रायाच्या नव्या विक्रेत्याकडे तिथे कुणी फारसं वळत नाही.

खास खेळण्यांची लिलावगृहं

ब्रिटनमधलं व्हेक्टिस किंवा अमेरिकेतलं, १९६७ पासूनचं हेक्स, अशी खेळणी-संग्रहाचाच व्यवहार करणारी लिलावगृहं हा निघणाऱ्यासाठी सगळ्यात दुर्लक्षित पर्याय आहे. वस्तू सुपूर्द केली की फोटो, वर्णन, खरेदीदाराशी बोलणं, तक्रारी, सगळं त्यांच्याकडे. इथे शेपूट आहे, पण ते पैशांची वाट पाहण्याचं आहे. वस्तू दिल्यापासून लिलावापर्यंत दोन-चार महिने आणि त्यानंतर पैसे हाती पडायला आणखी काही आठवडे सहज जातात. तुम्ही परदेशात बसून ही वाट पाहू शकता, हीच तर गंमत.

किंमत मोजावी लागते ती कमिशनची. विक्रेत्याकडून १५ ते २५ टक्के असा व्यवहार सर्वसाधारण आहे, आणि खरेदीदारालाही हातोड्याच्या किमतीवर, म्हणजे शेवटच्या बोलीवर, वेगळा अधिभार भरावा लागतो. तो अधिभार मनात धरूनच खरेदीदार बोली लावतो, म्हणजे अप्रत्यक्षपणे तोही तुमच्याच खिशातून जातो. करार सही करण्याआधी पुढच्या गोष्टी लेखी घ्या: लिलावाची तारीख, वस्तू सुट्या लावणार की एकत्र लॉटमध्ये, राखीव किंमत (जिच्याखाली विकायचं नाही ती) आणि ती न गाठल्यास शुल्क किती, फोटो आणि विम्याचं शुल्क, न विकलेल्या मालाचं काय करायचं, आणि परदेशातल्या बँक खात्यात पैसे पाठवतात का, पाठवले तर खर्च कुणाचा. न विकलेल्या मालाचं कलम सगळ्यांत महत्त्वाचं. 'राखीव किंमत न ठेवता पुढच्या लिलावात लावावा' असं लिहून दिलं नाही, तर चार खोकी परत न्या म्हणून पत्र येतं आणि ती न्यायला तिथे कुणी नसतं.

पावतीवर नुसतं 'डायकास्ट (ओतीव धातूच्या) गाड्या, एक खोकं' असं लिहून देत असतील तर घेऊ नका. यादीतल्या अनुक्रमांकांसह पावती हवी.

व्यापाऱ्याला एकगठ्ठा

किरकोळ भावाच्या एक तृतीयांश ते निम्मी रक्कम मिळते, आणि ती ऐकून बहुतेकांचं तोंड कडू होतं. पण व्यापाऱ्याला पुढे तेच शुल्क, तोच पाऊण तास आणि वर जागेचं भाडं सोसायचं असतं. हिशेब फार अन्यायाचा नाही. शेपूट जवळजवळ शून्य: माल पाहिला, पैसे दिले, गाडीत भरला, संपलं.

धोका आहे तो साय काढून नेण्याचा. पाच उत्तम नग निवडून 'बाकीचं पुढच्या वेळी बघू' म्हणणाऱ्याला पुढची वेळ नसतेच. आधी यादी आणि फोटो दोन-तीन व्यापाऱ्यांना पाठवा, संपूर्ण ढिगाची एकच रक्कम मागा, आणि तुमची निघायची तारीख सांगू नका. तारीख कळली की पडेल भाव सुरू होतो. पैसे खात्यात जमा झालेले दिसल्याशिवाय खोकी उचलू देऊ नका. 'पैसे घेण्यासाठी हा कोड स्कॅन करा' असं कुणी म्हणालं तर तिथेच व्यवहार थांबवा. पैसे घ्यायला काही स्कॅन करावं लागत नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या ढिगासाठी हाच मार्ग. पहिला ढीग इथे नेणं म्हणजे आवळा घेऊन कोहळा देणं.

संग्राहकांचे गट आणि मेळावे

शुल्क नाही, खरेदीदार जाणकार, आणि भाव बराचसा खरा. अडचण पैशांच्या पद्धतीची. पेपाल या पैसे पाठवण्याच्या ऑनलाइन सेवेच्या मालविक्रीच्या व्यवहारात खरेदीदाराला १८० दिवसांपर्यंत तक्रार करता येते, म्हणजे या सगळ्यांत लांब शेपूट इथे. मित्र-नातेवाइकांना पाठवायच्या पद्धतीने पैसे मागणं हा त्यावरचा प्रचलित तोडगा नियमाबाहेरचा आहे, शिवाय त्यात खरेदीदाराला कसलंच संरक्षण नसल्याने शहाणा माणूस बिचकतो. शक्य असेल तिथे समोरासमोर, रोख.

मेळाव्यात टेबल घ्यायचं तर किमतीची चिठ्ठी खोक्यावर चिकटवू नका, गोंदाचा डाग राहतो. दोऱ्याची किंवा नुसती टेकवलेली चिठ्ठी पुरे. सुट्टे पैसे भरपूर ठेवा. शेवटच्या दोन तासांत भाव उतरवा, कारण परत नेलेलं प्रत्येक खोकं पुन्हा तुमच्याच डोक्यावर.

प्रमाणन करून घ्यावं का

एएफएसारख्या खेळणी पारखणाऱ्या संस्था अ‍ॅक्शन फिगर तपासून, गुण देऊन, अ‍ॅक्रिलिकच्या पेटीत बंद करून देतात. दुर्मीळ आणि मूळ पुठ्ठ्याच्या कार्डावर न उघडता शाबूत राहिलेल्या नगाला याने किंमत चढते. पण रांग लांब, खर्च आगाऊ, पेटी जड आणि वाहतुकीत तडकणारी. गुण अपेक्षेपेक्षा कमी पडले तर तोच आकडा कायमचा चिकटतो. निघायला सहा महिन्यांपेक्षा कमी वेळ असेल तर या फंदात पडू नका. हे लिलावगृहाला ठरवू द्या.

पॅकिंग आणि आकारमानाचं वजन

कुरिअरवाले खरं वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त त्यावर पैसे घेतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून साधारण ५,००० ने भागतात. ५० × ४० × २० सेंटिमीटरचं खोकं म्हणजे ८ किलो, आत तीन किलोचा सेट असला तरी. हा आकडा जाहिरात टाकण्याआधी काढा. नाहीतर पाठवणखर्चात सगळा नफा जातो.

मूळ खोक्यावर चिकटपट्टी लावायची नाही, आणि मूळ खोकं हेच पार्सल म्हणून तर मुळीच पाठवायचं नाही. सभोवती किमान ५ सेंटिमीटर भरण राहील असं बाहेरचं खोकं घ्या. रंगवलेल्या किंवा व्हिनाइलच्या वस्तूला बबल रॅप थेट लावला तर उष्णतेत फुग्यांचे वळ उमटतात. आधी आम्लरहित पातळ कागद, मग बबल रॅप, फुगे बाहेरच्या बाजूला. रबरबँड वापरू नका, ते वितळून डाग पाडतात. सुटे भाग छोट्या पिशवीत घालून ती पिशवी खेळण्यालाच बांधा. खोक्याच्या तळाशी पडलेली पिशवी कचऱ्यात जाते आणि मग 'भाग गहाळ' अशी तक्रार येते.

तारखांचा हिशेब

प्रस्थानापासून उलट मोजा. सोळा आठवडे आधी यादी, ढीग आणि विक्रीची खाती. चौदाव्या आठवड्यात लिलावगृहाशी करार. चौदा ते सहा या काळात सुटी विक्री, त्यात पेपालने होणारे व्यवहार सगळ्यांत आधी. सहाव्या आठवड्याला जाहिराती बंद. जे उरलं ते लॉट बांधून मेळाव्यात. तिसऱ्या आठवड्यात व्यापारी. उरलेली धड खेळणी दान करताना आधी विचारून घ्या. कापडी खेळणी संसर्गाच्या भीतीने अनेक रुग्णालयं घेत नाहीत, आणि जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून रंगवलेली जुनी पत्र्याची खेळणी मुलांच्या हातात जाणारच नाहीत अशा ठिकाणीच द्या.

सोबत नेणार असाल तर सुट्या लिथियम बॅटऱ्या हातसामानातच, आणि खऱ्यासारखी दिसणारी खेळण्यातली बंदूक हातसामानात कधीच नाही.

पेपालचं खातं देशाला बांधलेलं असतं. देश बदलला की नवं उघडावं लागतं, जुन्याचा देश बदलता येत नाही. म्हणून जुनं खातं आणि त्याला जोडलेलं बँक खातं शेवटच्या व्यवहारापासून सहा महिने चालू ठेवा. जुना फोन नंबर बंद करू नका, पडताळणीचे संकेतांक त्यावरच येतात. परतीच्या पार्सलसाठी विश्वासातल्या एका माणसाचा पत्ता आधीच नोंदवा, आणि त्याच्याकडे यादी व फोटोंची एक प्रत द्या. खोकं उघडण्याआधी सहाही बाजूंचे फोटो काढायचे, आणि उघडताना चित्रीकरण चालू ठेवायचं, एवढं त्याला नीट समजावून सांगा.